सणात घर राखणार कोण?

वर्षातून एक दिवस असा येतो की कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यातले हळ्ळीखेड (बी) काय, हुमनाबाद, भालकी, बसवकल्याण काय, किंवा सीमेपलीकडे महाराष्ट्रातले निलंगा-उदगीर काय, भर दुपारी गावात शिरलात तर गल्लीत कुत्र्यांखेरीज कोणी भेटत नाही. तो दिवस येळवसेचा, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येचा. डिसेंबरच्या उत्तरार्धात नाहीतर जानेवारीच्या आरंभी ती येते. शेतात कडब्याची कोप उभी राहते, पांडव मांडले जातात, भज्जी, उंडे आणि आंबील घेऊन घरची म्हातारी, लेकी, जावई, शेजारीपाजारी सगळे रानात जातात. लातूर शहरात तर त्या दिवशी संचारबंदी लागल्यासारखे वाटते. गाव मागे राहते ते कुलपाच्या भरवशावर, आणि कुलपाची चावी बऱ्याच घरांत दाराशेजारच्या देवळीतच असते.

सुट्ट्यांमधल्या घराच्या सुरक्षेवर जे लिहिले जाते ते बहुधा शहरातल्या फ्लॅटसाठी असते. दिवाळीला कुटुंब फिरायला गेले, फ्लॅट बंद, तेव्हा काय काळजी घ्यावी, असा त्याचा साचा. बीदर-हुमनाबाद रस्त्यावरच्या, साखर कारखान्याच्या हळ्ळीखेड (बी) या गावाला तो साचा बसत नाही. दिवाळीत इथली घरे ओस पडत नाहीत, उलट भरतात. पुण्या-मुंबईला, हैदराबादला गेलेली माणसे गावी येतात. 29 ऑक्टोबर 2017 ला बीदर-कलबुर्गी लोहमार्ग पूर्ण सुरू झाल्यापासून येणेजाणे आणखी सोपे झाले. दिवाळीत कुलूप लागते ते गावाकडच्या नव्हे, पुण्यातल्या घराला. एकाच कुटुंबाची दोन घरे, आणि ती रिकामी पडण्याचे दिवस वेगवेगळे. शिवाय माणिकनगरची दत्तजयंती, हुमनाबादची वीरभद्रेश्वराची जत्रा, गाणगापूर, तिरुपती या वाऱ्या आहेतच. तेव्हा प्रश्न एका सुट्टीचा नाही. श्रावणापासून जत्रांपर्यंत, सुमारे सहा महिने, कोणते घर कोणत्या दिवशी मोकळे असते याचा आहे.

या सहा महिन्यांत लोकांच्या मनात भीती एकच असते, ती चोरीची. विमा घ्यायचा विचार आलाच तर तोही त्याच भीतीतून येतो. गंमत अशी की आज 'घराचा विमा' म्हणून जो सहज मिळतो, त्यात नेमकी ही भीती जवळजवळ नसते.

विमा नियामक प्राधिकरणाने 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना एकाच मसुद्याची पॉलिसी विकायला लावली. तिचे नाव 'भारत गृह रक्षा'. मसुदा चांगला आहे, आधीच्या पॉलिस्यांपेक्षा पुष्कळ साधा आहे. आग, वीज कोसळणे, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, पाण्याची टाकी फुटणे एवढे सगळे त्यात येते. घराच्या बांधकामाचा विमा घेतला की त्याच्या 20 टक्के रकमेपर्यंत, कमाल 10 लाखांपर्यंत, घरातल्या सामानाचाही विमा यादी न देता आपोआप होतो. बांधकामाची रक्कम जागेच्या भावावर ठरत नाही. तेवढे घर आज पुन्हा बांधायला किती लागेल, यावर ठरते. रक्कम थोडी कमी धरली गेली म्हणून त्या प्रमाणात भरपाई कापायची, ही जुनी खोड या पॉलिसीत काढून टाकली आहे. हप्ताही फार नाही. दहा लाखांच्या बांधकामाला वर्षाचा हप्ता साधारण हजाराच्या आत बसतो. महालक्ष्म्यांच्या सजावटीवर यापेक्षा जास्त खर्च होतो, आणि तो कोणाला जड वाटत नाही.

पण चोरी? ती या पॉलिसीत आहे, फक्त एका अटीवर. आधी आग, पूर, भूकंप यांसारखी विम्यातली आपत्ती आली पाहिजे, तिच्यामुळे घर उघडे पडले पाहिजे आणि त्या आपत्तीपासून 7 दिवसांच्या आत चोरी झाली पाहिजे. येळवसेला सगळे रानात असताना कोणी कोयंडा उचकटून कपाट फोडले, तर ही पॉलिसी एक रुपया देत नाही. घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो, किंवा 'हाउसहोल्डर्स' नावाने मिळणाऱ्या संयुक्त पॉलिसीत तो भाग मुद्दाम निवडावा लागतो. या जुन्या संयुक्त पॉलिसीत आग, घरफोडी, दागिने, विजेची उपकरणे, प्रवासातले सामान असे निरनिराळे भाग असतात आणि ज्याचा त्याचा हप्ता वेगळा. विकणारा बहुधा पहिला भाग विकतो, घेणारा समजतो सगळे आले.

घरफोडीचा विमा घेतला तरी गोष्ट संपत नाही. इथे आमच्या राहणीचा आणि कायद्याचा सरळ खटका उडतो. घरफोडी म्हणजे बळजबरीने आत शिरून किंवा बळजबरीने बाहेर पडून केलेली चोरी. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंदराय चंदनलाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये स्पष्ट सांगितले की पॉलिसीत तसे लिहिले असेल तर बळाचा वापर सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही, साधी चोरी पुरत नाही. आता देवळीतली चावी घ्या. चोराने ती उचलली, कुलूप उघडले, डबा रिकामा केला आणि पुन्हा कुलूप लावून चावी जागेवर ठेवून दिली. पोलिसांत तो गुन्हा आहेच. भारतीय न्याय संहितेच्या कलम 305 खाली राहत्या घरातल्या चोरीला सात वर्षांपर्यंत कैद आहे. पण विम्याच्या पंचनाम्यात तुटलेला कोयंडा नाही, उचकटलेली चौकट नाही, मग दावा कशावर उभा राहणार?

भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांचेही तसेच. आमच्याकडे ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या केल्या की घरातले खरे सोने त्यांच्या अंगावर चढते. तीन दिवस दार सताड उघडे, आल्यागेल्याला हळदीकुंकू, संध्याकाळी गल्लीभरची बायकामुले आरासीसमोर. या गर्दीत एखादी पुतळ्यांची माळ गेली तर ती घरफोडी नव्हे. शिवाय घरच्या माणसाने किंवा कामावरच्या माणसाने केलेली चोरी बहुतेक पॉलिस्यांत वगळलेली असते. उघड्या दारातल्या सोन्याला विमा हवा असेल तर दागिन्यांचा स्वतंत्र, सर्व जोखमींचा भाग घ्यावा लागतो. त्याला सराफाचे मूल्यांकन लागते, दागिन्यांची यादी लागते, आणि हप्ताही बराच जास्त असतो. 2025 मध्ये सोन्याने दहा ग्रॅमला लाखाचा टप्पा ओलांडल्यावर पाच वर्षांपूर्वीच्या मूल्यांकनाचा कागद जवळपास निरुपयोगी झाला आहे. तो नवा करून घेणे, एवढे काम सणाआधी करण्यासारखे आहे.

रिकाम्या घराची अट त्याहून कमी लोकांना ठाऊक असते. घरफोडीच्या पारंपरिक पॉलिसीत एक ओळ असते: सलग सात दिवस-रात्री किंवा अधिक काळ घरात कोणीच राहत नसेल, तर कंपनीची आधी संमती घेतल्याखेरीज त्या काळात संरक्षण चालू राहत नाही. येळवसेच्या एका दिवसाला हिची भीती नाही. पुण्यातला फ्लॅट धनत्रयोदशीच्या आधी बंद करून तुळशीच्या लग्नानंतर उघडणाऱ्याला मात्र आहे. निघण्यापूर्वी कंपनीला दोन ओळींचा मेल टाकायचा आणि उत्तर जपून ठेवायचे. शेजाऱ्याला चावी देऊन रोज रात्री झोपायला सांगितले तर घर 'रिकामे' ठरते का, यावर वाद घालता येतो, पण वाद घालावा लागणे हाच तोटा.

मग सोने बँकेत ठेवावे? ठेवावे, पण लॉकर म्हणजे विमा नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2021 च्या सूचनांप्रमाणे, ज्या 1 जानेवारी 2022 पासून लागू झाल्या, चोरी, आग, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे लॉकरमधला ऐवज गेला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पट. दोन हजार भाडे असेल तर दोन लाख, म्हणजे आजच्या भावाने दोन तोळेही नाहीत. भूकंप, पूर यांत तर तेवढेही बंधन नाही, बँकेचा निष्काळजीपणा दाखवता आला तरच. आणि बँकाही सुट्टीत बंद असतात, हे विजयपूर जिल्ह्यातल्या मनगुळीने दाखवून दिले. मे 2025 मध्ये चौथा शनिवार आणि रविवार जोडून आलेल्या सुट्टीत तिथल्या कॅनरा बँकेच्या शाखेतून 58 किलोहून अधिक तारण सोने गेले, आणि पुढे पोलिसांनी अटक केली ती शाखेच्याच माजी व्यवस्थापकाला. तारण सोन्याची जबाबदारी बँकेवर असते, लॉकरमधल्या सोन्याची तशी नसते. हा फरक लक्षात ठेवावा. सोन्याचा हट्ट असेल तर लॉकरमधल्या दागिन्यांसाठीही वेगळी पॉलिसी मिळते.

चोरीवर एवढे लिहिले, कारण लोकांना तेच हवे असते. माझे स्वतःचे मत मात्र असे आहे की या भागात चोरीची भीती वाजवीपेक्षा मोठी आहे आणि छताची भीती वाजवीपेक्षा लहान.

29 सप्टेंबर 1993 ला अनंत चतुर्दशी होती. लातूर-उस्मानाबादच्या गावांतून रात्री उशिरापर्यंत विसर्जनाच्या मिरवणुका चालल्या, लोक दमून घरात झोपले आणि 30 तारखेच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. तीव्रता 6.2 ची, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. मेलेल्यांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. किल्लारीपासून हुमनाबाद सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. माणसे मेली ती भिंतींनी आणि माळवदांनी. मातीत रचलेल्या दगडाच्या दोन-दोन फूट जाड भिंती, वर लाकडावर टाकलेला मातीचा थर, दर पावसाळ्याआधी त्यात आणखी भर. उन्हाळ्यात थंड, थंडीत उबदार असलेले हे छत हललेल्या भिंतीवरून खाली आले की खालचा माणूस वाचत नाही. त्यावेळी हा प्रदेश भूकंपाच्या नकाशात सर्वांत सुरक्षित पट्ट्यात, पहिल्या झोनमध्ये होता. 2002 च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्यात गेला. खचलेली गावे सरकारने जागतिक बँकेच्या कर्जावर पुन्हा वसवली. घरांचा विमा असा काही विषयच तेव्हा नव्हता, घर हीसुद्धा विम्याने राखण्याची चीज आहे हे कोणाच्या डोक्यात नव्हते.

तेव्हापासून तीस वर्षे उलटून गेली. पण ऑक्टोबर 2021 मध्ये ऐन नवरात्रात कलबुर्गी जिल्ह्यातल्या चिंचोळी तालुक्यात गडीकेश्वर आणि आसपास धक्क्यांमागून धक्के बसले. मोठ्यात मोठा चारच्या आसपासचा. लोक अंगणात झोपले, कित्येकांनी गाव सोडले. घट बसलेले आणि घरात माणूस नाही, अशी ती वेळ. 2024 च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोली-नांदेड पट्ट्यालाही साडेचारच्या आसपासचे धक्के जाणवले. भूकंप 'भारत गृह रक्षा'त आहे, मागावा लागत नाही. चोरीसाठी दुसरी पॉलिसी शोधणाऱ्याने ही पहिली का टाळावी, मला कळत नाही.

भूकंप लांबचा वाटत असेल तर पाऊस घ्या. सप्टेंबर 2025 च्या उत्तरार्धात घटस्थापनेच्याच आठवड्यात मांजरा, भीमा आणि त्यांच्या उपनद्यांनी मराठवाड्याला आणि सीमेवरच्या तालुक्यांना झोडपले. भीमाकाठी कलबुर्गी जिल्ह्यात गावे पाण्यात गेली. अशा वेळी सगळ्यांची नजर सरकारकडे जाते, आणि सरकारी मदतीचे केंद्राचे निकष असे आहेत: पक्के घर पूर्ण पडले तर 1 लाख 20 हजार, पक्क्या घराचा काही भाग पडला तर 6,500, कच्च्या घराचा तसाच भाग पडला तर 4,000, कपड्यांना 2,500, भांड्यांना 2,500. राज्ये कधी वर भर घालतात, कधी नाही. पक्के घर आज एक लाख वीस हजारांत बांधून देणारा गवंडी या परिसरात सापडणार नाही.

आगीचेही तसेच. नवरात्रात अखंड दिवा लावलेल्या घराला कुलूप लावून माणसे आरतीला जातात. दिवाळीत लुकलुकणाऱ्या माळा एकाच पिनमध्ये एकावर एक जोडल्या जातात. विजेच्या गोंधळातून लागलेल्या आगीने घर जळाले तर ते विम्यात येते, पण ज्या यंत्रात बिघाड झाला तो फ्रिज किंवा इन्व्हर्टर स्वतः वगळला जातो. घरात आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारे उपकरण) बसवून घेणे हा सगळ्या विम्यांपेक्षा स्वस्त विमा आहे. गॅसचा विमा तर आपण न मागता घेतलेलाच असतो. तेल कंपन्यांच्या सामूहिक पॉलिसीत नोंदणीकृत ग्राहकाच्या घरी सिलिंडरचा अपघात झाल्यास मृत्यूला माणशी 6 लाख, उपचारांना माणशी कमाल 2 लाख, मालमत्तेला घटनेमागे कमाल 2 लाख असतात. त्यासाठी सिलिंडर नोंदवलेल्या पत्त्यावरच असला पाहिजे, आणि केशरी नळी पाच वर्षांत बदललेली असली पाहिजे. पुण्यातून गावी आणलेला दुसरा सिलिंडर आणि पुरणाच्या दिवशी अंगणात मांडलेली भट्टी या कागदात बसत नाहीत. अंगणाबाहेरची सोयाबीनची गंजही बसत नाही. घराच्या पॉलिसीत ती घरगुती सामान नव्हे, आणि पीकविमा कापणीनंतर 14 दिवस, शेतात पसरून वाळत टाकलेल्या पिकापुरता, तोही अवकाळी पाऊस-गारपिटीसारख्या आपत्तीला. दिवाळीच्या रॉकेटने गंज पेटली तर शेतकरी दोन्ही पॉलिस्यांच्या मधल्या बांधावर उभा.

दावा करायची वेळ आली तर सीमेवरच्या माणसाला दोन राज्यांचे शब्द ठाऊक असावे लागतात. चोरीची फिर्याद लगेच द्यायची. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे ती कोणत्याही ठाण्यात देता येते आणि इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. म्हणजे गावी असताना पुण्याचा फ्लॅट फुटल्याचे कळले तर हुमनाबादेतूनही सुरुवात होते. ऐवज सापडला नाही, तर कंपनी पोलिसांचा अंतिम अहवाल मागते. महाराष्ट्रात त्याला 'ए समरी' म्हणतात, कर्नाटकात 'सी रिपोर्ट'. कर्नाटकातला तो कन्नडात असतो, पुण्याच्या कार्यालयात त्याचे भाषांतर द्यावे लागले तर नवल नाही. कंपनीला कळवायला दोन दिवस उशीर झाला म्हणून दावा सरसकट फेटाळता येत नाही, असे गुरशिंदरसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये म्हटले. तो खटला वाहनचोरीचा होता, पण पोलिसांत वेळेवर गेलेल्या माणसाला त्याचा आधार घेता येतो. जून 2024 च्या नियामकाच्या परिपत्रकाने सर्वेक्षकाला 15 दिवस आणि त्याच्या अहवालानंतर कंपनीला निर्णयासाठी 7 दिवस दिले आहेत. भांडण विमा लोकपालाकडे न्यायचे तर हळ्ळीखेडला राहणाऱ्यासाठी बंगळुरू, पुण्यात राहणाऱ्यासाठी पुणे, हैदराबादेत राहणाऱ्यासाठी हैदराबाद. वकील लागत नाही, आणि 50 लाखांपर्यंतच्या दाव्यांवर लोकपाल निर्णय देतो.

कागदांत सगळ्यांत मोठी अडचण वेगळीच असते. घर आजोबांच्या नावावर, पॉलिसी नातवाच्या, आणि मधल्या तिघा चुलत्यांची वाटणी तोंडी. अशा घरावर हप्ता घेणारे अनेक भेटतात, भरपाई देताना मात्र उतारा विचारला जातो. घराची नोंद नावावर करून घेणे हे विमा घेण्याआधीचे काम आहे. भिंत कशाची, छत कशाचे हेही प्रस्तावात खरे लिहावे. माळवद असेल तर माळवद लिहावे. आरसीसी लिहून स्वस्तात घेतलेली पॉलिसी नुकसानीच्या दिवशी उपयोगी पडत नाही.

कुलूप, कॅमेरा, शेजार यांवर फार बोलण्यासारखे नाही. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर तिरुपतीच्या रांगेतले फोटो त्याच दिवशी टाकू नयेत हे आता शाळेतली पोरेही सांगतात. कर्नाटक पोलिसांनी जुलै 2025 मध्ये 'मने मनेगे पोलीस' हा उपक्रम सुरू केला. बीटमधले पोलीस घरोघरी जाऊन ओळख ठेवणार, अशी कल्पना. येळवसेच्या आदल्या दिवशी त्या शिपायाला गल्लीतली कोणती घरे पूर्ण रिकामी राहणार हे सांगितले तर त्याचा उपयोग होईल, आणि प्रत्येक गल्लीतल्या दोघा तरुणांनी आळीपाळीने गावात थांबले तर त्याहून जास्त. जुनी गावे हेच करत होती.

या सगळ्या आढाव्यात एका घराला जागाच नाही. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आमच्याकडच्या तांड्यांवरून पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर माणसे जातात, आणि त्यांची घरे गुढीपाडव्यापर्यंत बंद किंवा एखाद्या आजीच्या हवाली. सात दिवसांची अट इथे पाच महिन्यांपुढे उभी राहते. विम्याच्या भाषेत ती 'रिकामी' घरे, आणि त्यांत काय असते तर पत्र्याची पेटी, वर्षाचे धान्य, दोन शेळ्या विकून आणलेला टीव्ही. दहा लाखांच्या आपोआप विमा होणाऱ्या सामानाची कल्पना ज्यांनी केली त्यांनी हे घर पाहिलेले नाही. हंगामी स्थलांतराचे महिने गृहीत धरून, टोळीच्या मुकादमामार्फत किंवा कारखान्यामार्फत एकत्र हप्ता कापून, अशा घरांचा सामूहिक विमा काढता येईल. अपघाती मृत्यूला वर्षाला 20 रुपयांत दोन लाख देणारी पंतप्रधान सुरक्षा विमा योजना बँक खात्यातून आपोआप हप्ता कापून चालू शकते, तर घरासाठी हे अशक्य का असावे, हे कारखान्यांच्या सर्वसाधारण सभेत कोणीतरी विचारायला हवे.